भेटी ५ डिसेंबरला, नाताळ निवांत: घरात डच पद्धतीचा डिसेंबर कसा रुजवावा

डच घरात डिसेंबरमध्ये दोन सण येतात आणि जुन्या पद्धतीच्या घरांत ते एकमेकांत मिसळू दिले जात नाहीत. ५ डिसेंबरची संध्याकाळ सिंटरक्लासची, म्हणजे मुलांना भेटी देणाऱ्या संत निकोलसची. भेटवस्तू, यमक जुळवलेल्या कविता, एकमेकांची चेष्टा, जमिनीवर कागदांचा ढीग, सगळं त्या एका रात्रीत उरकतं. मग २५ आणि २६ डिसेंबरला नाताळ येतो तो जेवणाचा आणि पाहुण्यांचा. आजकाल बरीच डच कुटुंबं नाताळच्या झाडाखालीही भेटी ठेवतात, पण घरात ही परंपरा नव्याने सुरू करणार असाल तर जुनी विभागणीच धरा. मुलांची उत्सुकता ५ तारखेला फिटते, नाताळच्या दोन दिवसांवरचं खरेदीचं ओझं उतरतं आणि खर्चही एकदाच होतो.

नेदरलँड्समधल्या आम्स्टेलवीन, आइंडहोवन, द हेग इथल्या मराठी घरांत हा प्रश्न नोव्हेंबरातच दार ठोठावतो. मूल शाळेतून येतं आणि म्हणतं, "आज बूट ठेवायचा." आई किंवा बाबा डच असतील तर आजी-आजोबांकडून आलेल्या सवयी असतातच. काही वर्षं तिकडे राहून पुण्या-मुंबईला परतलेल्यांनाही हे सगळं इथे करता येतं. पुढची प्रमाणं भारतीय बाजार आणि भारतीय ओव्हन लक्षात घेऊन दिली आहेत.

आधी कॅलेंडर

सिंटरक्लास म्हणजे मायराचे (आजच्या तुर्कस्तानातल्या) संत निकोलस. त्यांचा स्मृतिदिन ६ डिसेंबर, पण नेदरलँड्समध्ये साजरी होते ती आदली संध्याकाळ. ११ नोव्हेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी ते स्पेनहून आगबोटीने येतात आणि हे आगमन टीव्हीवर दाखवलं जातं. (आगबोट फार जुनी नाही. आम्स्टरडॅमच्या एका शिक्षकाने, यान स्खेंकमानने, १८५० साली मुलांच्या चित्रपुस्तकात ती आणली आणि ती तिथेच राहिली.) आगमनापासून ५ डिसेंबरपर्यंत साधारण तीन आठवडे मिळतात. ते असे वाटून घ्या.

आगमनाच्या शनिवार-रविवारी भेटींसाठी नावांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि पहिला बूट ठेवायचा. पुढच्या आठवड्यात मसाला दळायचा आणि भेट विकत घ्यायची. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कागदाच्या लगद्याचं काम सुरू व्हायलाच हवं, कारण ते वाळायला वेळ घेतं. कविता २ किंवा ३ डिसेंबरला. नाताळचं झाड ६ डिसेंबरच्या आधी घरात आणायचं नाही. हा नियम पाळायला मुलांना जड जातं, पण तो मोडला की दोन्ही सणांची खिचडी होते. ५ तारीख कामाच्या दिवशी आली तर जवळचा शनिवार घ्यायला काही हरकत नाही, तिकडेही पुष्कळ जण घेतात.

सिंटच्या मदतनिसांबद्दल, म्हणजे 'पीट'बद्दल, एक गोष्ट आधीच ठरवा. जुन्या पुस्तकांत, मुखवट्यांत आणि सजावटीत त्यांचा चेहरा पूर्ण काळा रंगवलेला असतो. त्यावर नेदरलँड्समध्ये मोठा वाद झाला आणि २०१९च्या राष्ट्रीय आगमनात चेहऱ्यावर फक्त धुरांड्याच्या काजळीचे पट्टे असलेले पीट आले. घरात सजावट करताना याच नव्या रूपातली चित्रं घ्या. जुना वारसा म्हणून तो काळा रंग पुढच्या पिढीला द्यायचं काहीच कारण नाही.

बूट

झोपण्याआधी मूल आपला एक बूट दाराजवळ किंवा घर तापवणाऱ्या रेडिएटरपाशी ठेवतं. बुटात सिंटच्या घोड्यासाठी गाजर, शेजारी वाटीभर पाणी, जमल्यास एखादं चित्र. मग सिंटचं एखादं गाणं म्हणायचं. सकाळी गाजर गायब आणि बुटात एक संत्रं, मूठभर मसाल्याच्या गोळ्या किंवा चॉकलेटचं नाणं.

चूक होते ती संख्येत. रोज बूट ठेवू दिला की आठवड्याभरात मूल बुटाकडे हिशोबनिसासारखं बघू लागतं. आठवड्यातून एकदा पुरे. रात्र आधी ठरवून सांगा आणि बुटातली वस्तू तळहातावर मावेल एवढीच ठेवा. दोन-तीन मुलं असतील तर सगळ्यांच्या बुटात सारखीच वस्तू. गाजराला दातांच्या खुणा करून तुकडा तिथेच सोडलात तर दुसऱ्या दिवशी शाळेत तोच विषय होतो. आणि बूट आधी पुसून घ्या, खाऊ थेट आत न ठेवता कागदी पुडीत ठेवा.

मसाला आणि छोट्या गोळ्या

सिंटरक्लासच्या घराला एक ठरलेला वास असतो आणि तो येतो स्पेकुलास या डच मसालेदार बिस्किटाच्या मसाल्यातून. ८ छोटे चमचे दालचिनी पूड, २ चमचे जायफळ, २ चमचे लवंग, आणि पांढरी मिरी, सुंठ, वेलची प्रत्येकी १ चमचा. सगळं ताजं दळून बारीक चाळणीने चाळायचं. आपल्या बाजारातली जाड सालीची दालचिनी चालते, फक्त तिची चव पातळ सालीच्या दालचिनीपेक्षा तिखट असते. पांढरी मिरी नसेल तर काळी मिरी निम्मी घ्या. लवंग मात्र डोळ्यांनी मोजू नका. ती जास्त झाली तर गोळ्या कडू लागतात आणि जिभेवर औषधी चव राहते. तयार गरम मसाला वापरायचा मोह टाळा, त्यात धने-जिरे असतात.

हे मसाले डच स्वयंपाकघरात मुरले ते १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीमुळे. लवंग आणि जायफळ आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्कस बेटांवरून, दालचिनी श्रीलंकेतून. त्याच कंपनीची वखार १७व्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यातही होती आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत.

या मसाल्याच्या छोट्या, कडक, अर्धगोल बिस्किटांना क्राउटनोटन म्हणतात. दुकानात पेपरनोटन नावानेही हीच मिळतात, पण खऱ्या पेपरनोटन चिवट आणि ओबडधोबड असतात, त्यात बडीशेपेसारखी चव असते. घरी करायला क्राउटनोटन सोप्या. साहित्य साधारण ९० गोळ्यांचं:

मैदा २५० ग्रॅम
बेकिंग पावडर २ छोटे चमचे
गडद ब्राऊन शुगर १२५ ग्रॅम
थंड बिनमिठाचं बटर १०० ग्रॅम
वरचा मसाला ३ छोटे चमचे
मीठ पाव छोटा चमचा
दूध ३ मोठे चमचे

मैदा, बेकिंग पावडर, साखर, मसाला आणि मीठ एकत्र करा. बटरचे तुकडे घालून बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखं झालं की दूध घालून गोळा बांधा. मळत बसायचं नाही. नेहमीचं खारं बटर असेल तर मीठ वगळा. गोळा झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मसाला मुरतो आणि बटर पुन्हा घट्ट होतं, म्हणून ही पायरी गाळू नका. दुसऱ्या दिवशी ५ ते ६ ग्रॅमच्या, मोठ्या गोटीएवढ्या गोळ्या वळा, ट्रेवर दोन बोटं अंतर सोडून ठेवा आणि वरून किंचित दाबा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा.

ओव्हनमधून काढताना त्या मऊ लागतील. इथेच बहुतेकांचा घात होतो. अजून कच्च्या आहेत असं समजून पाच मिनिटं वाढवली जातात आणि थंड झाल्यावर दात लागत नाही. कडकपणा गार होताना येतो. गोळ्या पसरून चपट्या झाल्या तर पीठ पुरेसं थंड नव्हतं किंवा ओव्हन तापायच्या आत ट्रे गेला. वर भेगा पडल्या तर दूध कमी पडलं. ब्राऊन शुगरऐवजी गुळाची पूड चालते, रंग सुरेख येतो, पण गूळ हवेतला ओलावा ओढतो. त्या गोळ्या दोन दिवसांत नरम पडतात, तेव्हा ५ तारखेच्या आदल्या दिवशीच करा. साखरेच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे राहतात.

या गोळ्या ५ तारखेला दार उघडून मूठभर आत फेकल्या जातात आणि मुलं जमिनीवर तुटून पडतात. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर फेकू नका. आकार आणि कडकपणा दोन्ही घशात अडकण्याजोगे आहेत.

चॉकलेटचं अक्षर

प्रत्येकाला नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटचं मिळतं. डच दुकानात रोमन अक्षरं मिळतात, घरी देवनागरी करता येतात. कागदावर १५ सेंटिमीटर उंचीचं अक्षर काढा, त्यावर बेकिंग पेपर ठेवा आणि वितळलेलं चॉकलेट पिशवीच्या कापलेल्या कोपऱ्यातून २ सेंटिमीटर रुंद, १ सेंटिमीटर जाड सोडा. कंपाउंड चॉकलेट घेतलं तर तापमानाची कटकट नाही. खरं डार्क चॉकलेट असेल तर दोन तृतीयांश ४५ अंशांपर्यंत वितळवा, उरलेलं बारीक चिरून त्यात ढवळा आणि ३१-३२ अंशांवर वापरा, नाहीतर पांढुरके डाग येतात. ग, ण, श यांचा काना फक्त शिरोरेषेला लटकलेला असतो, तिथेच ते मोडतात. म्हणून शिरोरेषा दुप्पट जाड करा.

चिठ्ठ्या, सोंग घेतलेली भेट आणि कविता

मूल सातएक वर्षांचं झालं की सिंट कोण हे त्याला कळू लागतं. अनेक घरांत तिथेच मजा संपते. डच घरात तिथून ती सुरू होते, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांच्या दृष्टीने हाच सणाचा गाभा आहे. बाकी काही जमलं नाही तरी हा भाग सोडू नका.

नावांच्या चिठ्ठ्या घडी घालून टोपीत टाकतात. प्रत्येकाने एक उचलायची. स्वतःचंच नाव आलं तर सगळ्यांनी चिठ्ठ्या परत टाकायच्या, फक्त दोघांनीच आपसात अदलाबदल केली तर गुपित फुटतं. चिठ्ठीच्या मागे त्या माणसाने हव्या असलेल्या तीन वस्तू लिहिलेल्या असाव्यात आणि खर्चाची मर्यादा एकच, नेदरलँड्समध्ये १५ ते २० युरो. कोण कोणाला देतंय हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. देणारा नेहमी 'सिंट' असतो.

भेट साध्या कागदात गुंडाळायची नसते. ती एखाद्या सोंगात दडवायची असते आणि सोंग त्या माणसाच्या सवयीवरून निघतं. शिट्या मोजणाऱ्या आजोबांना पुठ्ठ्याचा प्रेशर कुकर, सायकल कुठे लावली हे विसरणाऱ्या ताईला पुठ्ठ्याचा सायकल स्टँड. पहिल्यांदा करणाऱ्याने बुटांचा खोका, कागदी टेप आणि पोस्टर कलर एवढंच घ्यावं, दोन-तीन तासांत होतं. गोल आकार हवा असेल तर कागदाचा लगदा:

एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या न राहता कालवा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून घट्ट आणि किंचित पारदर्शक होईपर्यंत ढवळा. एक मोठा चमचा मीठ घाला, बुरशी लांबते. खळ गार झाली की फुगा २० सेंटिमीटरपर्यंतच फुगवा. वर्तमानपत्राच्या ३ सेंटिमीटरच्या पट्ट्या हाताने फाडा, कात्रीने कापलेली कड नंतर वर दिसते. पट्ट्या खळीत बुडवून जास्तीची खळ दोन बोटांत निपटा. एका दिवशी एकच थर, असे तीन थर, चौथा कोऱ्या कागदाचा म्हणजे रंग छान बसतो. तिन्ही थर एकदम लावले की वरून वाळतं, आत ओलं राहतं आणि दोन दिवसांनी आंबट वास सुटतो. वाळवायला पंखा लावा. रेडिएटरला टेकवून ठेवलं तर फुग्यातली हवा तापून फुगते, रात्री गार झाली की आक्रसते आणि ओल्या कवचाला खळगे पडतात. पूर्ण वाळल्यावर फुग्याची गाठ धरून टाचणीने हळूहळू हवा सोडा. एकदम फोडला तर कवच आत ओढलं जातं.

भेट आत घालण्यासाठी खालच्या बाजूला झडप कापा. भेट प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच आत जाते. काच किंवा बॅटरीची वस्तू असेल तर भोवती कागदाचे बोळे घाला, कारण उघडणारा माणूस सोंगाची चिरफाड करणार आहे. त्यासाठीच कवच चार थरांपेक्षा जाड करू नका. सुरी मागायची वेळ आली की हसणं थांबतं.

आता कविता. उखाणे आणि ओव्या ऐकत वाढलेल्यांना हे जमतंच, थोडी भीड सोडायची. १२ ते २० ओळी, दोन-दोन ओळींना यमक. सुरुवात सिंटच्या तोंडी: तो स्पेनमध्ये बसलाय आणि त्याच्या कानावर काय आलंय. मग त्या माणसाची या वर्षातली एक खरी, ताजी गोष्ट. मग भेटीकडे इशारा, नाव न घेता. उदाहरणार्थ, गजराचं घड्याळ मिळणाऱ्या मुलासाठी सहा ओळी:

स्पेनमधल्या वाड्यात बसलो होतो काल,
पीट म्हणाला, "आधी रोहनचे पाहा हाल!
रात्री दोन वाजेतो उघडे याचे डोळे,
सकाळी मग आईच्या हाकांचे तोफगोळे."
खोक्यामध्ये भुसा आहे, हात घाल खोल,
टिकटिक करते वस्तू आत, आकाराने गोल.

खाली सही 'सिंट' किंवा 'पीट'. चेष्टा करायची ती सवयीची: विसरभोळेपणा, उशीर, एकच शर्ट. वजन, रंग, गुण, नोकरी आणि लग्न यांना हात लावायचा नाही. मराठी घरात हा शेवटचा नियम आधी मोठ्याने सांगून टाकलेला बरा, विशेषतः मावश्या-काका जमणार असतील तर. आणि मिश्र घरात कविता दोन भाषांत लिहायची असेल तर एक ओळ मराठी, एक डच असं करून यमक जुळवा. सासू-सासरे अडखळत वाचतात तेव्हा सगळ्यात जास्त हशा पिकतो.

५ तारखेची संध्याकाळ

जेवण साधं आणि लवकर ठेवा. सूप, पाव, नंतर गरम चॉकलेट दूध. सातच्या सुमारास शेजाऱ्याने दार जोरात बडवून पळून जायचं आणि दाराबाहेर भेटींचं गोणपाट ठेवायचं. घरातले सगळे मुलांसमोरच बसलेले हवेत, म्हणून हे काम बाहेरच्याचं.

गोणीतून एका वेळी एकच भेट काढायची. ज्याची भेट त्याने उभं राहून कविता मोठ्याने वाचायची, मग सोंग फाडायचं, मग "धन्यवाद, सिंट" म्हणायचं. कविता वाचल्याशिवाय कागदाला हात नाही. एका माणसाला दहा मिनिटं धरा. आठ माणसांचा दीड तास होतो, त्यापुढे लहान मुलं रडकुंडीला येतात, तेव्हा त्यांच्या भेटी आधी. सगळ्यांनी एकदम उघडायला सुरुवात केली तर पाच मिनिटांत संध्याकाळ संपते आणि दोन आठवड्यांचं काम कचऱ्यात जातं.

नाताळचे दोन दिवस

६ तारखेनंतर झाड आणा, रेडिएटरपासून लांब ठेवा. खऱ्या मेणबत्त्या झाडावर नकोत.

गोड पदार्थ एकच शिका, बदामाच्या सारणाचा. ५ डिसेंबरला त्याचं अक्षर करतात, नाताळला कडं. (अमेरिकेत आयोवा राज्यातल्या पेला या डच वसाहतीच्या गावात बेकरीवाले त्याची एस आकाराची अक्षरं वर्षभर विकतात.) २०० ग्रॅम बदाम भिजवून सोला, पूर्ण कोरडे करा, २०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाच्या किसलेल्या सालीबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापून तेल सुटतं. हे मिश्रण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस मुरू द्या. अंडं घालायचं तर करायच्या दिवशी, अर्धंच. अंडं नको असेल तर थोडं पाणी आणि लिंबाचा रस. गोठवलेल्या पफ पेस्ट्रीची ११-१२ सेंटिमीटर रुंद पट्टी जोडा, मध्ये ३ सेंटिमीटर जाड सारणाची वळी ठेवा, कडा ओल्या करून सैलसर गुंडाळा, जोड खाली येईल असं कडं वळा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, दर ५ सेंटिमीटरवर टोचा, २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. फुटलं तर दोनच कारणं: सारण फार ओलं किंवा गुंडाळी घट्ट.

जेवणासाठी डच लोक टेबलावरच्या विजेच्या तव्याभोवती बसतात आणि प्रत्येक जण आपल्या छोट्याशा पळीवजा तव्यात स्वतःचं शिजवतो. याला गुरमेटन म्हणतात. यजमान स्वयंपाकघरात अडकत नाही, हा त्याचा मोठा गुण. माणशी २०० ते २५० ग्रॅम मांस किंवा पनीर-मशरूम धरा, सगळं २ सेंटिमीटरच्या आत कापा, कोंबडीला चिरायची वेगळी फळी आणि वेगळा चिमटा. शाकाहारी पाहुणे असतील तर त्यांचा तवाच वेगळा मांडा. एका तव्यावर 'हा कोपरा तुमचा' म्हणून भागत नाही, तेल उडतं. मॅरिनेडमध्ये साखर किंवा मध नको, जळून धूर होतो. असा एक तवा हजार-बाराशे वॉट खातो, त्यामुळे भारतात तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा आणि गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तापते. खिडकी आधीच किलकिली करा. पडद्यांतला वास तरीही दोन दिवस जात नाही.

२५ला जवळचं घर, २६ला दुसऱ्या बाजूचे नातेवाईक अशी वाटणी तिकडे सर्रास आहे. दोन माहेर असलेल्या घरांना ती आयती सोयीची.

३१ तारखेला ओलिबॉलन

ओलिबॉलन म्हणजे यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, ४५० मिली कोमट दूध, एक अंडं, दीड छोटा चमचा मीठ, १५० ग्रॅम भिजवून निथळलेल्या मनुका आणि एक बारीक चिरलेलं सफरचंद. तासभर दुप्पट होऊ द्या. तेलात बुडवलेल्या दोन चमच्यांनी लिंबाएवढे गोळे १८० अंशांच्या तेलात सोडा, पाच-सहा मिनिटं तळा. बाहेरून काळपट आणि आत कच्चे निघाले तर तेल १९०च्या वर गेलं किंवा गोळे मोठे झाले. तेलकट झाले तर तेल थंड होतं, एका वेळी पाचपेक्षा जास्त सोडू नका. वरून पिठीसाखर खाताना घाला, आधी घातली तर विरघळते. उरलेले दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १६० अंशांवर सात-आठ मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये ते रबरासारखे होतात.